मागच्या खोलीतली हवा

१

सकाळी उठल्यावर लोक आरशात तोंड बघतात. ओलवाला डब्या बघायचा.

घरात तीन डब्या होत्या: एक बाहेरच्या खोलीत, एक मुलीच्या खोलीत, एक मागच्या खोलीत. साबणाच्या वडीएवढ्या, पांढऱ्या, आणि प्रत्येकीवर तीन आकडे. पहिला गरमी-थंडीचा, दुसरा हवेतल्या ओलीचा, तिसरा श्वासाचा. तिसऱ्याचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण गिऱ्हाइकांना समजावताना तो त्याला श्वासाचा आकडाच म्हणे. माणूस श्वास सोडतो त्यातला वायू ती डबी मोजते. मोकळ्या हवेत हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. दारं-खिडक्या लावून एक माणूस झोपला की सकाळपर्यंत तोच दीड-दोन हजारांवर जातो. हे सगळे आकडे त्याच्या फोनवरही दिसत, त्यामुळे तो कुठेही असला तरी त्याचं अर्धं लक्ष घरच्या हवेत असे.

ओलवाला हे त्याचं नाव नव्हे, धंदा. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या घरातली ओल शोधत होता. भिंतीवर टिचकी मारायची, यंत्र टेकवायचं, पाणी कुठून मुरतंय ते सांगायचं आणि वर घरमालकाला चार शब्द ऐकवायचे. "आंघोळ झाल्यावर खिडकी उघडायला हात दुखतात का? ओले कपडे घरात वाळत घालायचे आणि बोल लावायचा भिंतीला." एका बाईंनी मागे छातीठोकपणे सांगितलं होतं की त्यांच्या वरच्या खोलीत एकच भाडेकरू राहतो. याने डबी बघितली आणि म्हणाला, दोघं झोपतात. भाडेकरूने भावाला गुपचूप आणून ठेवलं होतं. तेव्हापासून लोक त्याला जरा वचकून असत. हवा खोटं बोलत नाही, असं तो म्हणे, आणि म्हणताना त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटे.

अशा माणसाच्या घरात ओल यावी, याला काय म्हणावं. मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला काळे ठिपके आले, ठिपक्यांचा डाग झाला, डाग खाटेमागून खिडकीपर्यंत चढला. तो रोज म्हणे, या आठवड्यात करतो. लोकांच्या भिंती सुकवण्यात दोन वर्षं गेली.

त्याच दोन वर्षांत भिंगरीला दमा लागला. भिंगरी म्हणजे त्याची आठ वर्षांची मुलगी. चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. आता तीच भिंगरी जिन्याच्या चौथ्या पायरीवर भिंतीला धरून बसायची. तिची घरघर त्याला पाठ झाली होती: दोन कोरडे खोकले, मग एक लांब श्वास, आणि तो सुटता सुटता मध्येच अडकायचा. अडकला की ओलवाल्याचाही अडकायचा. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "पंप देते, गोळ्या देते. पण घरात बुरशी आहे तोवर मी नुसती ठिगळं लावतेय. तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचाच धंदा आहे." इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

२

शनिवारी त्याने गवंड्याला बोलावलं. हा गवंडी त्याच्याबरोबर पंधरा वर्षं काम करत होता. बोलायला तिखट, पण हाताला सफाई.

"आलात का एकदाचे स्वतःच्या घरी?" गवंडी भिंत बघून म्हणाला. "दुसऱ्याचं घर असतं तर मालकाला फाडून खाल्लं असतं तुम्ही."

"खा मला. पण आधी ती बाहेरची फुटकी नळी बघ."

नळी बदलली, बुरशीचं प्लास्टर खरवडून काढलं. मग खोली बंद करायची वेळ आली. या कामाची एक ठरलेली पद्धत आहे. खोलीत ओल खेचणारं मशीन ठेवायचं. खिडकी घट्ट बंद करायची. दार बिजागऱ्यांतून काढून चौकटीवर जाड प्लास्टिक ताणायचं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची. मशीनची नळी प्लास्टिकला चीर पाडून बाहेर घ्यायची आणि खाली बादली ठेवायची. भिंतीतलं पाणी रोज बादलीत जमतं. पंधरा दिवस त्या प्लास्टिकला कोणी हात लावायचा नाही. मध्ये उघडलं तर आतली बुरशी घरभर उडते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

खाट जड होती, ती आतच राहिली. खाटेखाली भिंगरीचं दुकान होतं. बाटल्यांची झाकणं, बटणं, तुटलेल्या चष्म्याच्या काड्या, असा माल ती तिथे मांडून बसायची.

"आत कोणी नाही ना, बघून घ्या," गवंडी म्हणाला.

"कोण असणार? भिंगरी आईबरोबर खाली गेलीय."

तरी त्याने एकदा आत डोकावलं. खाट, मशीन, खरवडलेली भिंत. वाकून मात्र बघितलं नाही. मग दोघांनी प्लास्टिक ताणलं आणि तो पट्टी मारत वरून खाली आला. शेवटचा कोपरा अंगठ्याने दाबत असताना आतून खोकला आला.

दोन कोरडे खोकले. मग लांब श्वास.

त्याचा अंगठा तिथेच थांबला. "भिंगरे?"

"बाबा, काय करतोयस तू?"

भिंगरी त्याच्या मागे उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात, हात पाठीमागे बांधून. ती कधी वर आली ते त्याला कळलंच नव्हतं.

गवंडी हसला. "मलाही वाटलं आतून आला आवाज. रिकाम्या खोलीत आवाज फिरतो, ओलवाले. तुम्हीच शिकवलंय."

ते खरंच होतं. त्यानेच शिकवलं होतं. त्याने कोपरा नीट दाबला, पट्टीतली हवा काढली आणि बाहेरच्या बटणाने मशीन सुरू केलं.

३

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी बरी होऊ लागली.

आधी त्याचा विश्वास बसेना. रविवारी पंप लागला नाही. सोमवारी लागला नाही. मंगळवारी ती तीन मजले चढून आली आणि वर येऊन बूट काढत बसली. धाप नाही, काही नाही. ओलवाला दारात पाणी घेऊन उभाच राहिला. त्या दिवशी तो न्हाणीघरात जाऊन दोन मिनिटं रडला. आपणच दिलेलं दुखणं आपणच काढून घेतलं, असं त्याला वाटलं.

बायको मात्र फारशी बोलत नव्हती. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची आणि घरी आली की स्वतःचा काढून ठेवायची. तो पुसायचं काम भिंगरीचं. काच तोंडाजवळ धरायची, 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि फ्रॉकने पुसायची. दमा वाढल्यावर एवढा एक खेळ तिला बसल्या जागी करता यायचा. आता बायको तिच्या हातातून चष्मा काढून घेऊ लागली.

"दे इकडे, मी पुसते."

"का गं, पुसू दे की तिला," ओलवाला म्हणाला.

"ओरखडे पडतात काचेवर," बायको म्हणाली आणि आत गेली.

आणखी एक गोष्ट होती, पण ती गोष्ट म्हणावी अशीही नव्हती. भिंगरी आता गिरक्या घेत नव्हती. छाती मोकळी झाल्यावर ती घर डोक्यावर घेईल असं त्याला वाटलं होतं. पण ती शाळेतून यायची, वही उघडायची, सांगितलेलं करायची, वाढलेलं खायची. मुलं मोठी होतात, शहाणी होतात. त्याने मनाची तशी समजूत घातली आणि मनालाही ती पटली, कारण त्याला ती पटायलाच हवी होती.

४

बादलीचा हिशेब चुकत होता.

पहिल्या दिवशी बादलीत चार लिटर पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तीन, मग दोन, मग एक. भिंत सुकत जाते तसं पाणी कमी होतं आणि शेवटी बादली कोरडी राहते. पण इथे पाचव्या दिवशी अर्धा लिटर आलं, सहाव्या दिवशीही अर्धा, आठव्या दिवशीही तेवढंच. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात तो रोज ओतून बघत होता. पाणी एकाच रेघेशी येऊन थांबायचं.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, तो प्लास्टिकसमोर बसला आणि शांतपणे विचार करू लागला. भिंत सुकली असणार. मग पाणी येतं कुठून? म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरतेय. कुठून शिरतेय? नळीच्या चिरेतून. चीर जरा मोठीच पडली होती, नळीच्या बाजूने बोट जाईल एवढी. एवढी साधी गोष्ट नऊ दिवस दिसली नाही, याचं त्याला हसू आलं. त्याने पट्टी घेतली, चीर नळीभोवती घट्ट बुजवली आणि वर दुसरा थर दिला. आता खोलीत बाहेरची हवा यायला फट अशी राहिलीच नाही.

काम झालं म्हणून त्याने फोनवर मागच्या खोलीचे आकडे उघडले, आणि तिसऱ्या आकड्यावर त्याची नजर पहिल्यांदा गेली. रिकाम्या, बंद खोलीचा श्वासाचा आकडा कोण कशाला बघेल?

चार हजार नऊशे.

त्याने फोन खाली ठेवला, डोळे चोळले, परत बघितलं. चार हजार नऊशे दहा.

डबी ओलीने बिघडली असेल, हे पहिलं मनात आलं. पण बाकीचे दोन आकडे ठीक होते. बुरशीही थोडा वायू सोडते, पण थोडा म्हणजे शंभर-दोनशे. शेजाऱ्यांच्या घरातून येत असेल म्हणावं, तर ती भिंत बाहेरची आणि मजला तिसरा. त्याने गवंड्याला फोन लावला.

"उंदीर असेल मेलेला," गवंडी म्हणाला.

"मेलेला उंदीर श्वास सोडत नाही."

"मग जिवंत असेल. ओलवाले, तुम्ही जरा झोप काढा. पोरगी बरी झालीय ना? मग त्या आकड्यांच्या मागे हात धुऊन कशाला लागलाय?"

बरोबर होतं. त्याला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, तो गेला. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या भिंतीला यंत्र टेकवून तो उभा होता, आणि मध्येच त्याचा हात खिशात गेला. पाच हजार सहाशे. तासाभराने सहा हजार तीनशे. चीर बुजवल्यापासून आकडा झपाट्याने चढत होता.

ओलवाला तिथल्याच एका स्टुलावर बसला. खोली किती लांब, किती रुंद, तासाला आकडा किती चढला, म्हणजे आत किती माणसं. हा हिशेब त्याने शेकडो घरांत केला होता. तोंडी यायचा. माणूस एक, पण मोठा नव्हे. रोजचं अर्धा लिटर पाणीही तेच सांगत होतं. पंचवीस किलोच्या आसपासचं कोणीतरी.

मग त्याने नको ते केलं. भिंगरीच्या खोलीची डबी उघडली आणि बोटाने मागचे दिवस सरकवत गेला. भिंगरी दार लावून, खिडकी लावून झोपायची. रोज सकाळी तिच्या खोलीचा आकडा बाराशे-तेराशे असायचा. खोली बंद केली त्या शनिवारपासून तो चारशे तीस होता. सकाळी चारशे तीस, दुपारी चारशे तीस, पहाटेही तेवढाच. नऊ दिवस ती एक सरळ रेघ होती. त्या खोलीत कोणी झोपलंच नव्हतं.

"काही गंभीर आहे का हो?" घरमालकाने विचारलं. तो बिचारा आपल्या भिंतीबद्दल विचारत होता.

"नाही," ओलवाला म्हणाला. यंत्र तिथेच विसरून तो घरी निघाला.

५

दुपारचे तीन वाजले होते. बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. भिंगरी टेबलाशी चित्र रंगवत होती. त्याला बघून ती हसली. बायको स्वयंपाकघरात होती, तिची सुट्टी होती. सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की तो क्षणभर दारातच थांबला आणि स्वतःला मूर्ख म्हणाला.

मग तो मागच्या खोलीकडे गेला.

प्लास्टिक हलत होतं. मशीनच्या वाऱ्याने हलतं ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने बाहेरून मशीनचं बटण बंद केलं. घरघर थांबली. प्लास्टिक थांबलं नाही. ते जरासं आत ओढलं जायचं, मग बाहेर फुगायचं. दोनदा झटकन. मग लांब, आणि सुटता सुटता मध्येच अडकायचं.

त्याने हा ठेका हजार वेळा ऐकला होता. त्या ठेक्याबरोबर दोन वर्षं उशाशी बसून काढली होती.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, भिंगरीच्या उंचीच्या, दर वाढदिवसाची एक. शेवटच्या खुणेच्या थोडं खाली, प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, वाफेचा एक गोल उमटला होता. बशीएवढा. तो फिका व्हायचा, आणि प्लास्टिक फुगलं की परत पांढरा व्हायचा. गोलाच्या मागे अंधार होता. त्या अंधारात काहीतरी प्लास्टिकला टेकून उभं होतं, आणि त्याचं कपाळ टेकलेलं होतं तिथे प्लास्टिक किंचित सपाट झालं होतं.

त्याने वरच्या कोपऱ्यातली पट्टी नखाने उचकटली.

"हात लावू नका त्याला," बायको मागे येऊन म्हणाली.

"आत..." त्याने प्लास्टिककडे बोट केलं.

"मला माहितीय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. मी तिला चष्मा पुसायला दिला होता. तिने 'हाऽ' केलं." बायकोने डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला. "काच तशीच राहिली, वाफ धरलीच नाही. मी परत करायला लावलं. पाच वेळा. मला वाटलं काचेतच काही असेल. दुकानातून नवी काच आणून बघितली."

"आणि गप्प बसलीस?"

"ती जिने चढते, अहो. झोपते सलग. दोन वर्षांत मी तिला सलग झोपलेली बघितली नव्हती. माझ्याकडे बघून हसते, मला आई म्हणते. मी काय बोलायला हवं होतं?"

"अगं, पण ही... ही आत आहे. आपली. आपण तिला..."

"मग ती कोण आहे?" बायको बाहेरच्या खोलीकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

त्याने पट्टी ओढली. वीतभर सुटली. फटीतून गरम, कोंदट हवा त्याच्या तोंडावर आली, त्या हवेला पांघरुणात झोपलेल्या लेकराचा वास होता. त्याला तो वास माहीत होता. त्याने परत ओढली, आणि मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

भिंगरी जमिनीवर बसली होती. दोन्ही हात छातीवर, तोंड उघडं, ओठ निळसर. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिची छाती वाजत होती. दोन कोरडे खोकले आणि तो लांब श्वास, जो सुटत नव्हता. बायको पंप शोधायला धावली. पंप मिळेना. नऊ दिवसांत तो कुठे ठेवला तेच कोणाला आठवत नव्हतं. भिंगरी बापाकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण ती काय मागतेय हे त्याला कळत होतं.

प्लास्टिकही थांबलं होतं. आतलं जे काही होतं ते वाट बघत होतं.

माणसाला अशा वेळी विचार करायला सवड मिळाली असती तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. ओलवाल्याला ती मिळाली नाही. त्याच्या हाताला वीस वर्षांची सवय होती. त्याने पट्टी वरून खाली परत बसवली. अंगठ्याने दाबत, हवा काढत, कोपऱ्यापर्यंत. नीट.

भिंगरीचा श्वास सुटला. ती उठली, पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"बाबा, काय करतोयस तू?" तिने विचारलं.

६

चार वाजता आकडा आठ हजार शंभर होता. एवढ्या हवेत माणसाचं डोकं जड होतं, मग त्याला झोप येते, हे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. खिडकी उघडा, म्हणत असे.

तो आणि बायको बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसले होते, फोन दोघांच्या मध्ये. भिंगरीचं चित्र संपत आलं होतं. साडेचारला आठ हजार तीनशे. त्यानंतर आकडा चढला नाही. बायकोने त्याचा हात धरला, इतका घट्ट की तिची नखं रुतली. सहा वाजता आकडा आठ हजार दोनशे नव्वद झाला. मग दोनशे ऐंशी. कुठेतरी बारीकशी फट राहिली असणार, तिथून हवा सावकाश बदलत होती. आता तो आकडा फक्त खालीच येणार होता.

ओलवाला उठला आणि त्याने मशीन परत सुरू केलं. पंधरा दिवस पुरे करायचे होते.

सोमवारी सकाळी बादली कोरडी होती.

सोळाव्या दिवशी गवंडी नवं प्लास्टर करायला आला. पट्ट्या ओलवाल्याने स्वतः काढल्या, प्लास्टिकची घडी स्वतः घातली, आतलं अंग आत ठेवून. गवंड्याने भिंतीवर टिचकी मारली आणि कान लावला. "खणखणीत. मानलं तुम्हाला. वास नाही, काही नाही."

मग त्याने खाट पुढे ओढली. ओलवाल्याने डोळे मिटून घेतले.

"पोरीचं दुकान आहे हे," गवंडी म्हणाला. "काय करू, टाकून देऊ?"

खाटेखाली झाकणं होती, बटणं होती, चष्म्याच्या काड्या होत्या. शनिवारी होती तशीच. दुसरं काही नव्हतं. ओलवाल्याने भिंगरीला हाक मारली आणि विचारलं, हे हवंय का.

ती दारात आली. वाकून बघितलं. "कोणाचं आहे?" ती म्हणाली.

७

थंडी पडली. सकाळी भिंगरीला शाळेत सोडायला आता ओलवालाच जातो. बायको म्हणते, माझ्याने होणार नाही. बाकी घरात सगळं छान आहे. डब्यांचे आकडे तो बघत नाही. मुलीच्या खोलीतली डबी त्याने काढून कपाटात ठेवली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, हसल्या, म्हणाल्या, इतकी स्वच्छ छाती मी या वयात ऐकली नाही.

शाळेच्या फाटकाशी मुलांची गर्दी असते. थंडीत ती सगळी बोलतात, ओरडतात, हसतात, आणि प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघते. काही पोरं मुद्दाम फुंकून दाखवतात, कोणाची वाफ लांब जाते म्हणून. आयांच्या तोंडातून वाफ, रखवालदाराच्या चहाच्या कपातून वाफ. ओलवाल्याची नजर दुसरीकडे जातच नाही. वीस वर्षांत त्याने हवेकडेच तर बघितलंय.

आज एका मैत्रिणीने भिंगरीचा हात धरला. "ए, तूही फुंक ना. बघू कोणाची मोठी."

भिंगरीने ओठांचा चंबू केला.

ओलवाला पटकन खाली बसला, दोघींच्या मध्ये. त्याने तिच्या गळ्यातला मफलर वर ओढला, तोंडावरून, नाकावरून घेतला आणि मागे गाठ मारली. कडेने बोट फिरवून कुठे फट राहिली नाही ना ते बघितलं.

"बाधेल थंडी," तो त्या मैत्रिणीला म्हणाला. "तिला दमा आहे."